बाटलीतलं संत्रं

नागपूरच्या माणसाला संत्र्याबद्दल काही विचारा, तो अंबिया आणि मृग या बहारांपासून, म्हणजे फळाच्या दोन हंगामांपासून, सुरुवात करेल. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी ही संत्र्याच्या गावांची नावं एका दमात घेईल. भोसल्यांच्या काळात संत्र्याची झाडं इकडे आली ही गोष्ट सांगेल आणि 2014 साली नागपुरी संत्र्याला मिळालेल्या भौगोलिक मानांकनापाशी येऊन थांबेल. मीही हे सगळं सांगत असते, आणि अभिमानाने सांगते. पण आज मला लिहायचंय ते दुसऱ्या एका संत्र्याबद्दल. ते कुठल्याच झाडाला लागायचं नाही. पानठेल्यावरच्या काचेच्या बरणीत ते गोळी होऊन बसलेलं असायचं आणि लग्नाच्या मांडवात बर्फात बुडवलेल्या बाटलीत असायचं. ऐंशीच्या दशकात नागपुरात वाढलेल्या आम्हा मुलांचा जीव त्याच्यासाठी तुटायचा.

खऱ्या संत्र्याची आम्हाला कधी वाण पडली नाही. मामांचा काटोलकडे बगीचा होता. अंबियाची फळं उतरली की दिवाळीच्या आगेमागे पहिली टोपली घरी यायची आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची. आई मागच्या खोलीत पोतं अंथरून त्यावर संत्री पसरून ठेवायची आणि आम्ही येता-जाता एकेक उचलायचो. कोणी मोजत नसे. शेजारी वाटली जायची, कामाला येणाऱ्या मावशी पदरात बांधून न्यायच्या, तरी तळाची काही नरम पडायचीच. ज्याला कोणी कुलूप लावत नाही त्याची ओढ कशी लागणार? मामा बगीच्याला ताण कसा देतात, पाणी कधी तोडतात, फूल धरायला ते कधी पुन्हा सोडतात, हे सगळं आम्ही ऐकत वाढलो. पण ती मोठ्यांच्या काळजीची गोष्ट होती. आमच्यासाठी संत्रं म्हणजे भात-वरणासारखं घरातलंच.

गोळीची गोष्ट वेगळी. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेला होता. पुढच्या फळीवर चुना-काथाची भांडी, ओल्या फडक्याखाली पानं, आणि मागे ओळीने बरण्या. त्यातल्या एका बरणीत संत्र्याच्या फोडीच्या आकाराच्या गोळ्या असायच्या. वरून साखरेचे कण लावलेले. फोडीवरच्या शिरासुद्धा साच्यात उमटलेल्या. पाच पैशांना एक. तोंडात टाकली की आधी साखर खरखरायची, मग ती गुळगुळीत व्हायची आणि शेवटी इतकी धारदार की टाळूला चिरा पडायच्या. तरी चावून संपवायची नाही, असा आम्हा बहिणींचा नेम होता. जिची गोळी सर्वात शेवटी संपेल ती जिंकली. जिंकलेली जीभ बाहेर काढून दाखवायची, आणि ती केशरी झालेली असायची.

बाकीच्या बरण्यांचंही सांगायला हवं. इलायचीच्या वासाची किस्मी टॉफी, रंगीत पॉपिन्सची गुंडाळी, टोकाला लाल रंग लावलेल्या सिगारेटी, ज्या दोन बोटांत धरून आम्ही मोठ्या माणसांसारखं भिंतीला टेकायचो. जिऱ्याच्या काळ्या गोळ्या. लिमलेटच्या. आणि रावळगावच्या. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव म्हणून गाव आहे, तिथे वालचंद हिराचंदांनी 1933 साली साखर कारखाना काढला आणि पुढे त्याच साखरेच्या गोळ्या झाल्या, हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी रावळगाव हे गोळीचंच नाव होतं. रावळगावचीच पान पसंद गोळी तर आम्हाला पान खायची परवानगी नसल्याची भरपाई होती. सुट्टे नसले की पानठेल्यावाले काका म्हणायचे, "चिल्लर नाही बाई, पिपरमेंट घेऊन जा." घरी हिशेब देताना ते पिपरमेंट दाखवायला उरलेलं नसायचं.

शाळेच्या फाटकासमोरच्या ठेल्यावर वेगळीच दुनिया होती. बोरकूट, चिचबिलाई, मीठ-तिखट लावलेली कवठाची फोड, उन्हाळ्याच्या तोंडावर जंगलातून आलेली टेंभरं आणि चारं. होळीला साखरेच्या गाठींची माळ गळ्यात पडायची, ती आम्ही गळ्यातच चाखायचो आणि मान चिकट करून घ्यायचो. या सगळ्यावर मी कधीतरी वेगळं लिहीन.

आता सोडा. नागपूरचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला तहान म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणं इथे नवलाचं नाही. कुलरच्या टट्ट्यांवर पाणी सोडून, दारं-खिडक्या लावून दुपार काढायची. बाहेर पडायचंच असेल तर डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. घरात कैरीचं पन्हं तयार असायचं, माठात वाळा असायचा. तरी संध्याकाळी ऊन उतरलं की बाबा कधीमधी म्हणायचे, "चला वं, सोडा पिऊन येऊ."

आमच्या मागच्याच बोळात गोळीच्या सोड्याचा छोटासा कारखाना होता. एक खोली, गॅसचं सिलिंडर, बाटल्या अडकवायचा लोखंडी पिंजरा आणि तो फिरवायचा दांडा. मी तिथे तासन्‌तास उभी राहायची. बाटली भरायची उलटी. गोल फिरत ती डोक्यावर यायची, आतली काचेची गोळी घरंगळत मानेत यायची आणि गॅसचा दाब तिला तोंडाजवळच्या रबरी कड्यावर असा काही बसवायचा की बाहेरून बूच लावायची गरजच नाही. जो वायू बाहेर पडायला धडपडतोय, त्याच्याच जोरावर दार बंद. ही करामत हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाची. 1872 साली त्याने तिचं पेटंट घेतलं होतं. शंभर वर्षांनंतर ती महालातल्या बोळात, पत्र्याच्या छताखाली तशीच चालली होती. पिताना त्या बाटलीच्या मानेतल्या दोन खळग्यांत गोळी अडकवून धरायची असते. बाटली चुकीच्या बाजूने कलती केली की गोळी पुन्हा तोंडाशी येते आणि धार तुटते. बाबांनी मला बाटली धरून हे शिकवलं, आणि मी पुढे माझ्या धाकट्या बहिणीला.

लाकडी ठोकळ्याने गोळी आत दाबली की जो आवाज व्हायचा त्याने सगळी गल्ली मान वळवायची. मग लिंबू पिळायचं आणि वरून काळं मीठ. मीठ पडताच सोडा उसळून ग्लासाबाहेर यायचा, कारण मिठाच्या प्रत्येक कणाभोवती बुडबुडे जमतात. तो फेस वाया जाऊ नये म्हणून आम्ही तोंड खाली नेऊन आधीच टेकवलेलं असायचं. नाकात झिणझिण्या, डोळ्यांत पाणी. फुटलेल्या बाटलीतली गोळी मिळाली तर पोट्टे ती कंच्यात खेळायला न्यायचे. ती इतर कंच्यांपेक्षा जड आणि हिरवट असायची आणि तिच्यावर सगळ्यांचा डोळा असायचा.

पण सोडा रोज नाही तरी महिन्यातून एकदा मिळायचा. गोल्ड स्पॉट हे संत्र्याचं शीतपेय मात्र लग्नातच.

त्या काळी शीतपेयांच्या दुकानातली नावं सगळी देशी होती. 1977 साली सरकारने परदेशी कंपन्यांना इथला हिस्सा कमी करायला सांगितलं तेव्हा कोका-कोला देश सोडून गेली. त्या जागी थम्स अप आलं, कॅम्पा कोला आलं, मॉडर्न बेकरीवाल्या सरकारी कंपनीने तर वर्षाच्याच नावाने डबल सेव्हन काढलं. गोल्ड स्पॉट त्या सगळ्यांच्या आधीपासूनचं. पार्लेचं. आम्हा मुलींना थम्स अप तिखट लागायचं, लिम्का मोठ्यांचं वाटायचं. आमचं म्हणजे गोल्ड स्पॉट. त्या बाटलीतला रंग सूर्यासमोर धरला की जो दिसायचा, तसा रंग मी पुन्हा कुठल्याही खाण्यापिण्याच्या वस्तूत पाहिलेला नाही. मामांच्या बगीच्यातलं सर्वात पिकलेलं संत्रंसुद्धा त्यापुढे फिकं होतं.

मावशीचं लग्न झालं तेव्हा मी पाचवीत असेन. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात जस्ताचं मोठं टब ठेवलेलं, त्यात बर्फाच्या लादीचे फोडलेले तुकडे आणि मधून डोकावणाऱ्या बाटल्यांच्या माना. वरपक्षाची माणसं उतरली की त्यांच्या हातात एकेक बाटली द्यायची. आम्ही मुलीकडचे. घरच्या पोट्ट्यांनी टबाला हात लावायचा नाही, ही ताकीद आजीने सकाळीच दिलेली. बाटल्या मोजून आलेल्या आणि रिकाम्याही मोजून परत करायच्या होत्या, एका क्रेटमध्ये चोवीस. एक कमी भरली तर तिचे पैसे. म्हणून मांडवभर फिरून खुर्च्यांखालच्या, तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावरच्या, कुठेकुठे ठेवलेल्या बाटल्या गोळा करायचं काम आम्हा भावंडांकडे आलं. आम्ही ते जीव लावून केलं. क्रेट भरली, मोजणी जुळली, आणि मोठ्या मामांनी शेवटी उरलेल्यांतली एक-एक बाटली काढून आमच्या हातात दिली. बर्फ वितळून गेलेला होता, बाटली नुसती गार होती. ती मी किती वेळ पुरवली असेल! घोट घ्यायचा, तो जिभेवर धरायचा, बुडबुडे मरेपर्यंत थांबायचं आणि मग गिळायचा. बूच खिशात ठेवलेलं होतं. नंतर ते कितीतरी दिवस कंपासपेटीत होतं, आणि पेटी उघडली की पेन्सिलीच्या वासात थोडा तो वास यायचा.

काटोलचे मामा शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खरंच दुखावल्यासारखे म्हणाले, "काऊन वं, घरी एवढा बगीचा, अन् तू हे रंगाचं पाणी पिऊन राहिली?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. उत्तर सापडायला पुष्कळ वर्षं गेली आणि ते सापडलं स्वयंपाकघरात. हिवाळ्यात संत्रं सोलत असताना सालीचा फवारा चेहऱ्यावर उडाला आणि एकदम पानठेला आठवला. गराचा वास आला तेव्हा नाही, फोड तोंडात टाकली तेव्हाही नाही. सालीने आठवला. मग मी वाचायला लागले आणि लक्षात आलं की संत्र्याचा जो स्वाद गोळ्यांत आणि पेयांत वापरतात तो सालीतल्या तेलाच्या वासाभोवती रचलेला असतो. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या. त्या तेलात 90 टक्क्यांहून अधिक लिमोनिन नावाचं एकच द्रव्य. रसात आंबट-गोड असतं, पण ज्याला आपण डोळे मिटूनही ओळखू असं वाटतं ते संत्रेपण बरंचसं सालीत असतं. गोळी आम्हाला जे देत होती ते संत्र्याचंच होतं. आम्ही फेकून देत होतो त्या भागाचं.

आणि सालीची आम्हाला केवढी ओळख होती! एकमेकींच्या डोळ्यांसमोर साल दुमडून फवारा मारायचा आणि पळायचं, हा हिवाळ्याचा खेळच होता. रात्री लाईन गेली की मेणबत्ती लागायची आणि तिच्या ज्योतीजवळ साल पिळली की तडतड ठिणग्या उडायच्या. तेल पेट घ्यायचं. आई ओरडायची, पण एखाद्या वेळी स्वतःही साल घेऊन बसायची. वाळलेल्या सालींची पूड आजी बेसनात घालून आम्हाला न्हाऊ घालायची. म्हणजे तो वास आमच्या अंगाखांद्यावर होता. मग गोळीत तोच वास गोड होऊन, आंबट होऊन, केशरी होऊन आला तर त्यावर जीव का जडणार नाही?

बाटलीत हे तेल बसवणं सोपं नसतं. तेल पाण्यावर तरंगतं. ते बाटलीच्या मानेशी जमू नये म्हणून त्याला जड करणारं काहीतरी लागतं, आणि त्यासाठी ब्रोमिन घातलेलं वनस्पती तेल वापरायची पद्धत जगभर होती. आपल्याकडे 1990 साली त्यावर बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. मी त्या पेयांची आरोग्याच्या बाजूने वकिली करत नाही. मुलांनी रोज साखरेचं पाणी प्यावं असंही माझं म्हणणं नाही. आमच्या वाट्याला ते वर्षातून जेमतेम दोन-चारदा आलं, हेच त्याचं योग्य प्रमाण होतं असं मला वाटतं.

पण "ते सगळं नकली होतं, गेलं ते बरं झालं" हे वाक्य मला सहन होत नाही. 1993 साली कोका-कोला परत आली, पार्लेने आपले ब्रँड तिला विकले. थम्स अप टिकलं, लिम्का टिकलं. संत्र्याच्या पेयाची जागा फँटाने घेतली आणि गोल्ड स्पॉट हळूहळू दिसेनासं झालं. त्याचा शेवटचा दिवस कोणाला ठाऊक नाही. तेव्हा मी कॉलेजात होते, सीताबर्डीवर मैत्रिणींसोबत फिरत होते, आणि एखाद्या दुकानात "गोल्ड स्पॉट नाही, फँटा आहे" हे ऐकून "चालेल" म्हणून पुढे गेले असणार. सगळ्यांनीच तसं केलं असणार. मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, दोन-दोन लिटरच्या. बाटली परत करणं संपलं, म्हणून ठेल्यापाशी उभं राहून पिणंही संपलं. पेय घरी आलं, फ्रिजमध्ये गेलं आणि कोणी मोजेनासं झालं. संत्र्याचं आमच्याकडे जे झालं होतं तेच.

बाकी काही चवींना वाली मिळाला. कॅम्पा 2023 मध्ये पुन्हा बाजारात आला. रावळगावच्या गोळ्यांची नावं 2024 साली 27 कोटींना विकली गेली, घेणारे तेच कॅम्पावाले. मी ती बातमी वाचून लगेच पान पसंद आणायला गेले. आणि आपल्याकडचं नोगा आहेच. नागपूरच्या संत्रा बागायतदारांच्या संघाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं हे नाव, आता महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाचं. नोगाचं स्क्वॅश आमच्याकडे पाहुण्यांसाठी असायचं आणि त्यात खरं संत्रं होतं. रसना तर काय, 5 रुपयांत 32 ग्लास म्हणून जाहिरात, पावडरीची पुडी आणि सोबत अर्काची इवलीशी बाटली. ती बाटली रिकामी झाली की तिचं बूच हुंगण्यावरून भांडणं. संत्रा बर्फीचं म्हणाल तर ती आम्ही क्वचितच खाल्ली. ती स्टेशनवर निघालेल्या पाहुण्याच्या पिशवीत घालायची वस्तू होती, आणि अजूनही आहे.

फोडीच्या आकाराच्या त्या गोळ्या मात्र इतवारीत अजून सुट्या, किलोवर मिळतात. तान्ह्या पोळ्याच्या आधी मी जाऊन आणते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली मुलं लाकडी बैल सजवून दारी येतात, काही बैल चाकांचे, काही इतके छोटे की कडेवर घेतलेले. त्यांना बोजारा द्यायचा असतो. आम्हाला आठ आणे, चार आणे मिळायचे आणि मारबतीची मिरवणूक पाहायला निघालेल्या गर्दीत ते खर्च व्हायचे. मी आता दहाची नोट देते आणि तिच्यावर दोन गोळ्या ठेवते. नोट खिशात जाते, गोळी तोंडात. काही मुलं साखर खरखरली की तोंड वाकडं करतात. काही परत येऊन आणखी मागतात, आणि बैल तोच असला तरी मी देते.

गेल्या हिवाळ्यापासून मी एक सरबत करायला लागले आहे. चांगली पिकलेली, वरून काही न चोळलेली अंबियाची संत्री घ्यायची, धुऊन कोरडी करायची. वरची केशरी साल तेवढी किसायची, आतला पांढरा भाग येऊ द्यायचा नाही, तो कडू असतो. त्या किसात साखर घालून हाताने चोळायची आणि रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी साखर ओली झालेली असते, तेल तिने ओढून घेतलेलं असतं. त्यात लिंबाचा रस घालून विरघळवायची, गाळायची आणि प्यायच्या वेळी वरून एकदम गार सोडा. गारच हवा, कोमट पाण्यात वायू थांबत नाही. गर अजिबात घालायचा नाही. पहिला घोट घेतला तेव्हा मी खुर्चीवर बसले आणि बहिणीला पुण्याला फोन लावला.

मामा आता थकलेत. बगीचा मुलगा पाहतो. डोळ्याच्या तपासणीसाठी ते नागपूरला आले होते तेव्हा मी त्यांना ग्लास भरून दिला आणि कशाचं आहे ते सांगितलं नाही. त्यांनी अर्धा ग्लास एका दमात पिला, थांबले, ग्लास उजेडात धरून पाहिला.

"आपल्याच बगीच्यातलं आहे ना वं?"

"हो. नुसती साल."

"चव तर चांगली आली," ते म्हणाले, "पण याच्यात रंग काऊन नाही टाकला?"